मदत हवी आहे: मामांच्या गाठीची स्टेम सेल मार्कर तपासणी करावी का?

मंडळी, मामांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन इथं कोल्हापुरातच झालं. स्टेज २, काढलेले सगळे लिम्फ नोड स्वच्छ. आता केमो द्यायची की नाही, इथं घोडं अडलंय. मुंबईचा मामेभाऊ म्हणतो, गाठीत सीडी१३३, सीडी४४, एलजीआर५ (कॅन्सरच्या स्टेम सेलची, म्हणजे गाठ पुन्हा वाढवू शकणाऱ्या पेशींची, खूण मानली जाणारी प्रथिनं) तपासा, आजार उलटेल का ते कळेल. (आमच्याकडं घरगुती डॉक्टर चिक्कार.) मी वाचलं त्यात या मार्करवरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, स्टेज २ ला केमो ठरवताना एमएमआर किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलीय का, ते दाखवणाऱ्या तपासण्या) बघतात. नेमकी तीच तपासणी आमच्या रिपोर्टात नाही! पॅथॉलॉजीतलं कुणी आहे का इथं? ठेवलेल्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एमएमआर कोल्हापुरात होतं, की ब्लॉक पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो? ब्लॉक मागताना कोणते कागद लागतात?