सेमी-ऑटो टॅक्टिकल शॉटगन: दिवा, पट्टा आणि सहा काडतुसं सोडली तर बाकी सगळं ओझं?

एकनेम

बारा गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी शॉटगन हातात आली की लोक तिच्यावर झुंबर टांगायला लागतात. माझं म्हणणं सरळ आहे. कामाच्या गोष्टी चारच: योग्य लांबीचा दस्ता, दिवा, पट्टा आणि रिसीव्हरच्या (बोल्ट-ट्रिगर बसतात त्या मधल्या धडाच्या) बाजूला सहा जादा काडतुसं. यापलीकडचं जे काही लावाल त्याला आधी वजनाच्या काट्यावर आणि मग रेंजवर उभं करा.

वजनाचा हिशोब करून पाहा. 70 मिमीचं बकशॉट (मोठ्या छऱ्यांचं) काडतूस 45 ते 50 ग्रॅम भरतं. सहा काडतुसं आणि त्यांचा होल्डर मिळून तीनशेच्या वर. दिवा आणि त्याचा माउंट दीडशे. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमयंत्र) माउंटसकट शंभरच्या आसपास. लांब मॅगझीन ट्यूब (बंदुकीच्या नळीखालची काडतुसं भरायची नळी) आणि तिच्यातली दोन जादा काडतुसं आणखी दोनशे. म्हणजे पाऊण किलो वाढलं. बेरेट्टा 1301 सारखी तीन किलोच्या आतली बंदूक घेण्यामागचा हेतूच गेला, आणि वर यातलं बरंचसं वजन पुढच्या हाताच्याही पुढे लटकतंय.

दस्ता सगळ्यात आधी, कारण गाल कुठे टेकतो यावर पुढचं सगळं ठरतं. कारखान्यातून येणारी लांबी बहुधा 14 इंचांच्या आसपास असते. ती उडत्या लक्ष्यांसाठी आडवं उभं राहणाऱ्याला ठीक. छाती समोर ठेवून उभं राहायचं असेल, अंगात जाड जॅकेट किंवा चिलखत असेल, तर साडेबारा ते तेरा इंच बरे. कोपराच्या खाचेत दस्ता ठेवून मोजायची जुनी पद्धत इथे फसवते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा, डोळे उघडा. नाक आणि अंगठ्याचं मूळ यांत दोन बोटं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर येणार.

लालठिपका

दस्त्याबद्दल वाद नाही. पण रेड डॉट "ओझं" कसं काय? नळीच्या टोकावरच्या साध्या मण्याने नेम धरणाऱ्याचं गाल किंचित वर राहिलं की मार वर जातो. मागे दुसरा संदर्भबिंदूच नसतो, त्यामुळे चूक कळतही नाही. जवळून बकशॉट मारताना हे खपून जातं. एक औंसाचा, म्हणजे 28 ग्रॅमचा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) 50 मीटरवर टाकायचा असेल तर अजिबात खपत नाही. घोस्ट रिंग (मागे मोठं कडं, पुढे पाती) चांगली, पण अंधारात काळ्या कड्यातून काळी पाती शोधत बसावं लागतं. डॉटला दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त लक्ष्याकडे बघायचं.

लोक बिघडवतात ते माउंट. रायफलसाठीचा उंच माउंट शॉटगनवर लावतात. शॉटगनच्या दस्त्याची पाठ खाली असते, मग गालाऐवजी हनुवटी टेकते आणि प्रत्येक धक्क्याला दात वाजतात. माउंट जितका खाली बसेल तितका बरा. मॉसबर्ग 940 प्रो टॅक्टिकलचा रिसीव्हर वरून खाचून छोटा डॉट थेट बसवायची सोय दिलेली आहे, ती याचसाठी.

बसवायची रीत: भोकं आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलमुक्त करा. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर अगदी थेंबभर. टॉर्क उत्पादकाने दिला असेल तोच; बऱ्याच छोट्या स्क्रूंचा 15 ते 20 इंच-पाउंडांत बसतो. स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर रंगाची बारीक रेघ ओढा, म्हणजे सैल झाला की दिसेल. थ्रेडलॉकर सुकायला रात्रभर द्या. त्याच दुपारी रेंजवर नेलं की स्क्रू ढिले होतात, आणि शिव्या डॉटला बसतात.

धक्कामापी

एकनेम, तुमचा वजनाचा मुद्दा बरोबर आहे, पण कारण अर्धंच सांगितलंत. जड बंदूक हाताला त्रास देते एवढंच नाही. इनर्शियावर चालणाऱ्या बंदुकीत वजन थेट यंत्रणेत हात घालतं.

बेनेल्ली M2 घ्या. बोल्ट म्हणजे काडतुसामागे नळी बंद ठेवणारा सरकता भाग. त्याची बोल्ट बॉडी, तिच्यातली जाड इनर्शिया स्प्रिंग आणि फिरणारं बोल्ट हेड. काडतूस फुटलं की बंदूक मागे सरकते, बोल्ट बॉडी जागीच राहू पाहते, मधली स्प्रिंग दाबली जाते. मग ती उसळते आणि बोल्ट मागे जातो. सगळा खेळ बंदूक किती जोरात मागे सरकते यावर. तिच्यावर पाऊण किलो चढवलं तर ती कमी सरकणार, स्प्रिंग कमी दाबली जाणार, आणि हलक्या टार्गेट लोडचं रिकामं काडतूस धड बाहेर पडणार नाही. पूर्ण ताकदीच्या बकशॉटवर हे बहुधा जाणवत नाही. म्हणूनच लोक सरावात अडकलेलं काडतूस "काडतुसातली स्वस्त दारू" म्हणून सोडून देतात.

दस्ता भिंतीला टेकवून किंवा बंदूक एखाद्या आधाराला घट्ट दाबून मारली तरी हेच होतं. शिवाय बोल्ट हाताने हळूच पुढे सोडला तर बोल्ट हेड पूर्ण फिरून बसत नाही, ट्रिगर ओढल्यावर नुसता "टक" आवाज येतो. बोल्ट नेहमी मागून मोकळा सोडावा.

बेनेल्लीने अमेरिकी सैन्यासाठी M4 बनवली तेव्हा तिला दोन छोटे गॅस पिस्टन (काडतुसाच्या वायूच्या दाबाने बोल्ट मागे ढकलणारे) दिले. ती त्यांची पहिली गॅसवरची शॉटगन, मरीन कोअरमध्ये M1014 नावाने गेली. ती रिकामीच साडेतीन किलोच्या घरात आहे, पण तिच्यावर दिवा-डॉट चढवले म्हणून चक्र मंदावत नाही. तेव्हा "किती लावावं" याचं उत्तर "कशावर लावताय" यावर आहे. गॅसवाल्यांना लालठिपका यांचं पटावं, इनर्शियावाल्यांनी एकनेम यांचं ऐकावं.

एकनेम

धक्कामापी, मान्य. पण गॅसवर चालते म्हणून पुढे लटकलेलं वजन पुढचं राहायचं थांबत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीकडे नळी वळवायला लागणारा वेळ पिस्टन वाचवून देत नाही.

नळीपलीकडे

मॅगझीन एक्स्टेन्शनला (ट्यूब लांबवणाऱ्या जोडाला) सरसकट नावं ठेवू नका. दोन काडतुसं जादा म्हणजे दोनदा कमी भरणं, आणि शॉटगन चालवताना सगळ्यात जास्त चुका भरतानाच होतात. फक्त ते नीट बसवा:

- ट्यूबची टोपी काढताना चष्मा घाला, तळहाताने दाब देऊन हळू सोडा. स्प्रिंग गोळीसारखी सुटते.
- जुनी स्प्रिंग नव्या लांब ट्यूबमध्ये वापरू नका. मोकळी स्प्रिंग ट्यूबच्या तोंडातून साधारण फूटभर बाहेर राहिली पाहिजे. कमी असेल तर शेवटची दोन काडतुसं रेंगाळतात.
- जुनी ट्यूब आणि एक्स्टेन्शन यांच्या सांध्यावर आत धार राहिली असेल तर फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाला बसून काडतुसं ढकलणारा भाग) तिथे अडतो. स्प्रिंग न घालता फॉलोअर आतून आरपार घसरतोय का ते आधी पाहा.
- एक्स्टेन्शन नळीच्या तोंडापुढे जाऊ देऊ नका.
- नळी आणि ट्यूब बांधणारा क्लॅम्प अंगात आल्यासारखा आवळू नका. नळीवर ताण आला की स्लगचा मार सरकतो. क्लॅम्प लावल्यावर नेम पुन्हा जुळवायचाच.

आता एकनेम यांच्या लाडक्या साइड सॅडलकडे, म्हणजे रिसीव्हरच्या बाजूच्या काडतुसांच्या होल्डरकडे. रिसीव्हरच्या आरपार बोल्ट टाकून बसवायच्या धातूच्या सॅडलने जितक्या बंदुका अडकवल्यात तितक्या एक्स्टेन्शनने नसतील. बोल्ट जास्त आवळला की ॲल्युमिनियमचा रिसीव्हर आत दाबला जातो आणि बंदुकीचा आतला बोल्ट किंवा लिफ्टर (काडतूस वर उचलणारी पाती) घासायला लागतो. पाव वळसा आवळा, रिकामी बंदूक हाताने चालवून पाहा, मग पुढचा पाव वळसा. त्यापेक्षा वेल्क्रोवरचं इलॅस्टिक कार्ड बरं: हलकं, आणि रिकामं झालं की उपटून दुसरं लावता येतं. फक्त चिकटपट्टी लावण्याआधी रिसीव्हर अल्कोहोलने पुसा आणि 24 तास काडतुसं घालू नका. इलॅस्टिक महिनोन्‌महिने भरलेलं राहिलं तर सैल पडतं, ते बदलायची वस्तू समजा. पितळेची बाजू खाली ठेवलेली काडतुसं धक्क्याने खाली घसरतात. ज्यांना खालून ओढायची सवय आहे त्यांनी एकदोनच तशी ठेवावीत.

कलमबहाद्दर

मध्येच टपकतो, कारण वर सगळे पानं उलटल्यासारखे सुटे भाग बदलतायत. ही चर्चा अमेरिकी बाजारातल्या बंदुकांची आहे, तर तिथलं कायद्याचं बोला.

नळी 18 इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी झाली की ती नोंदणीशिवाय ठेवणं हा संघीय गुन्हा. आयात केलेल्या सेमी-ऑटोला वेगळं कलम लागतं: 18 यू.एस.सी. 922(आर). आयातीला अपात्र ठरेल अशा रूपात बंदूक जोडायची तर नियमातल्या 20 भागांच्या यादीपैकी दहापेक्षा जास्त भाग परदेशी चालत नाहीत. इटलीहून आलेल्या शॉटगनला लांब ट्यूब लावताना हा प्रश्न उभा राहतो. फॉलोअर, ट्यूब, दस्ता, फोरएंड (पुढच्या हाताची पकड) असे भाग मोजावे लागतात. नळीपलीकडे यांनी स्प्रिंगची लांबी सांगितली, हे सांगितलं नाही.

राज्यांचं आणखी निराळं. कॅलिफोर्नियात पिस्तूल ग्रिप आणि घडीचा किंवा सरकता दस्ता दोन्ही एकत्र असलेली सेमी-ऑटो शॉटगन थेट "असॉल्ट वेपन" ठरते. काही कापण्या-जोडण्याआधी आपल्या राज्याचं कलम वाचा, विक्रेत्याच्या "चालतंय हो" वर जाऊ नका.

छर्रेवाला

सगळे लोखंडाबद्दल बोलताय, काडतुसाबद्दल कोणीच नाही. डॉटच्या पैशांत काडतुसांच्या किती पेट्या येतात ते बघा आणि आधी कागद फाडा.

मोठे कागद लावा, 5, 10, 15, 20 आणि 25 यार्डांवर प्रत्येकी तीन काडतुसं, प्रत्येक काडतुसाला नवा कागद. "दर यार्डाला एक इंच पसरतं" हा ठोकताळा नुसता ऐकून सोडायचा आहे. साधं नऊ छऱ्यांचं डबल-ऑट बकशॉट त्याच्या आसपास जाईलही, पण फेडरलचं फ्लाइटकंट्रोल वॅडवालं (छर्रे धरणाऱ्या कपाचं) काडतूस 25 यार्डांवरसुद्धा वीतभर जागेत राहू शकतं. त्यातला कप मागच्या बाजूने उघडून वेगळा होतो, म्हणून त्याला सरळ सिलिंडर (तोंडाशी न आवळलेली) नळी मानवते. घट्ट चोक (नळीचं तोंड अरुंद करणारा भाग) लावला तर उलट तो कपाच्या कामात अडथळा आणतो. काही बंदुकांत नऊपैकी एक छर्रा नेहमी घोळक्याबाहेर जातो, तिथे आठ छऱ्यांचं काडतूस घेतलं की भागतं. लक्ष्याबाहेर गेलेला प्रत्येक छर्रा कुणाच्या तरी भिंतीत जाणार आहे. सर्वात लांबच्या ज्या अंतरावर सगळे छर्रे कागदाच्या मधल्या भागात राहतात, तिथे तुमच्या बकशॉटची हद्द संपली. हे अंतर माहीत नसताना डॉट कशावर जुळवणार?

लालठिपका

कागद फाडायलाही नेम धरावाच लागतो, छर्रेवाले. मण्याने मारलेल्या तीन कागदांत घोळका इकडेतिकडे दिसला तर ती काडतुसाची चूक की गालाची, हे सांगा बरं. डॉट लावून मारलं की निदान एक शंका मिटते. क्रम असा ठेवा: 25 यार्डांवर बकशॉटच्या घोळक्याचं मध्य डॉटला आणा, मग त्याच जुळणीवर स्लग टाकून कुठे जातो ते लिहून ठेवा. दोन्ही एकाच जागी पडतील असं गृहीत धरू नका.

छर्रेवाला

हे मान्य. पण मग घोस्ट रिंगनेही शंका मिटते, आणि तिला बॅटरी लागत नाही.

धक्कामापी

मोठ्या आकाराच्या बटणांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मोठं चार्जिंग हँडल लावा, हरकत नाही. मोठं बोल्ट रिलीझ विचार करून. 1301 च्या सुरुवातीच्या बंदुकांत ते लिव्हर नको तेव्हा दाबलं गेलं की एक जादा काडतूस ट्यूबमधून सुटून लिफ्टरपाशी अडकायचं. बटण जितकं मोठं तितकं ते दाबलं जाण्याची शक्यता जास्त. आणि मॉसबर्गवाल्यांनो, तुमची सेफ्टी रिसीव्हरच्या मागच्या टोकाला वर असते. पिस्तूल ग्रिप लावली की अंगठा तिथे पोचत नाही, पकड सोडावी लागते. त्या बंदुकीला सरळ दस्ताच ठेवा.

नळीपलीकडे

दिव्याचं राहिलं. एकनेम यांच्या यादीत तो आहे, पण कसा लावायचा ते नाही. केबलवालं टेप स्विच शॉटगनवर टिकत नाही, केबल सांध्यापाशी तुटते. दिव्याच्या शेपटाचं बटण पुढच्या हाताच्या अंगठ्याखाली येईल असा बसवा, दाबलं तर पेटेल आणि सोडलं तर विझेल असं. धक्क्याने बॅटरी क्षणभर सुटून दिवा मिचकतो, म्हणून दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेला घ्या. काच नळीच्या तोंडाच्या शक्य तितकी मागे, नाहीतर दोन पेट्यांत काजळी धरते.

एकनेम

मागे घ्यायची म्हणता, पण फार मागे गेली की नळीचीच सावली समोर पडते आणि खालचा कोपरा काळा राहतो. तोंडापासून चारएक इंच मागे आणि नळीच्या बाजूला, खाली नाही. काजळीसाठी काचेवर चॅपस्टिकचा पातळ थर देऊन ठेवा, नंतर फडक्याने पुसला की निघते. आणि बॅटरी रिचार्जेबल असेल तर ती उत्पादकाने मंजूर केलेलीच हवी. जाडी किंचित जास्त असली तर नळकांड्यातच अडकते.