मदत हवी आहे: पीव्हीसी एल्बोच्या मोल्डवरचं सोनेरी कोटिंग सुटतंय

राम राम मंडळी,

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे. गिऱ्हाईक बहुतेक पाइप-फिटिंगवालेच. दोन वर्षांपूर्वी एका एल्बोच्या (पाइपच्या कोपर-जोडाच्या) मोल्डचे कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारे भाग, पी२० या मोल्डच्या पोलादात केले आणि वरून टायटॅनियम नायट्राइडचं पीव्हीडी कोटिंग (निर्वात चेंबरमध्ये वाफेतून बसवलेला कठीण थर) करून आणलं. एकच थर, तीनेक मायक्रॉनचा. परवा मोल्ड दुरुस्तीला आला. पायरीच्या कोपऱ्यात थराच्या खपल्या निघाल्यात, आणि जिथे सोनेरी रंग शाबूत आहे तिथेही भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात.

पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. ते बारीक छिद्रांतून आत शिरून पोलाद खातंय, असं मला वाटतं. त्यात पी२० जेमतेम ३० एचआरसीचं (रॉकवेल कठीणपणा), म्हणजे वरच्या थराच्या मानाने मऊ. गादीवर पापड ठेवून दाबला तर पापडच तुटणार ना!

आता क्रोमियम नायट्राइड आणि टायटॅनियम नायट्राइडचे आलटूनपालटून थर द्यायचा विचार आहे. एका थरातलं छिद्र पुढचा थर झाकतो, तडाही दोन थरांच्या सीमेवर अडतो, हे पटतं. कोअर या वेळी ४२० स्टेनलेसचे, ५० एचआरसीचे करीन. घोडं अडलंय तापमानावर. टेंपरिंग (कडक केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा कमी करायचं तापवणं) २५० अंशांवर करणार, आणि कोटिंगवाले चेंबर ४५० ला नेणार म्हणतात. तेवढ्या तापमानात ४२० ची गंज रोखायची ताकद घटते. मग स्टेनलेस घेऊन काय उपयोग? की पी२० लाच प्लाझ्मा नायट्रायडिंग (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) करून वर कोटिंग करू? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मोल्ड द्यायचाय, कोणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद (भुसावळ):
दादा, स्टेनलेसच ठेवा. क्रोमियम नायट्राइड २०० अंशांच्या आसपासही बसतं, टेंपरिंगच्या खालचंच तापमान लेखी मागा. कोअरसोबत त्याच पोलादाचा एक तुकडा चेंबरमध्ये टाकायला लावा. परत आला की त्यावर रॉकवेलचा १५० किलोचा ठसा मारून भिंगाखाली बघा. ठशाभोवती बारीक तडे चालतील, खपली नको. आणि एक सांगा, त्या कोपऱ्यात स्पार्किंग (विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणं) केलं होतं का? स्पार्किंगने वितळून पुन्हा गोठलेला कातडा ठिसूळ असतो. तो पॉलिशने पूर्ण काढल्याशिवाय वर कितीही थर द्या, पकड बसत नाही.

धागाकर्ता:
हो भाऊ, कोपरा स्पार्किंगचाच आहे. हात पोचत नव्हता म्हणून पॉलिश राहिलं होतं. उद्या तुकडा कापायला घेतो.