राणीछाप रुपये ऑनलाइन लिलावात घेतले, खोटे निघाले. चूक माझी का विकणाऱ्याची?

कोथरूडी_कट्टा:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ताटात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे जुने चांदीचे, रुपये ठेवतात. आजीचे पाच होते, वाटण्या झाल्या तेव्हा चार काकांकडे गेले आणि आमच्या वाट्याला एक आला. तेव्हापासून दर दिवाळीला आईची कुरकुर, एकटा रुपया ताटात बरा नाही दिसत. म्हटलं यंदा आणूनच देऊ.

एका लिलावाच्या साइटवर लॉट दिसला. टायटल असं होतं, "व्हिक्टोरिया १८६२ राणीछाप रुपया ओल्ड सिल्वर कॉईन ५ चा लॉट अतिशय दुर्मिळ आजोबांच्या ट्रंकेत सापडले". फोटो एकदम झकास, काळपट पडलेली जुनी नाणी, खाली लाकडी पेटी वगैरे. बोली ५०१ पासून. शेवटच्या दहा मिनिटांत एक जण सारखा शंभर शंभरने वाढवत होता आणि मी पण पेटलो, खरं सांगतो त्या वेळी डोक्यात नाणी नव्हतीच, त्या माणसाला हरवायचं होतं. ४६५० ला सुटलं.

पार्सल आलं तर नाणी चकाचक. आईला दाखवायच्या आधी सोनाराकडे गेलो. त्याने एक नुसतं काउंटरवर टाकलं, बद्द वाजलं. म्हणाला साहेब टंच (चांदी किती शुद्ध याची तपासणी) काढायचे पैसे कशाला घालवता, यात चांदीच नाही. वजन केलं तर एकेक नऊ ग्रॅमच्या आसपास.

घरी येऊन लिस्टिंग परत उघडलं. खाली "अजून वाचा" वर टॅप केल्यावर तळाशी लिहिलंय, "रंग सिल्वर. शोपीस व कलेक्शनसाठी. फोटो संदर्भासाठी. नो रिटर्न." विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो सर मी चांदी कुठे लिहिलंय, सिल्वर हा कलर आहे. बायको म्हणते तू वाचलं नाहीस, तुझी चूक. बरोबर आहे का हे? पैसे परत मिळायचा काही मार्ग? आणि ऑफिसमधला मित्र म्हणतो त्याच फोटोने, त्याच मजकुराने परत लिलावाला लाव, दुसरा कोणीतरी घेईल. हे कितपत बरोबर?

जुनाबाजार_रविवार:
दादा आधी नाण्याचं बोलतो. राणीछाप रुपया म्हणजे बरोब्बर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सोनार आज तोळा म्हणताना सरळ १० ग्रॅम धरतात तो वेगळा, हा जुना तोळा, आणि रुपयाचं वजनच त्या तोळ्याइतकं ठेवलेलं होतं. हातोहात फिरून झिजलेला असला तरी साडेअकराच्या आसपास भरतो. नऊ भरला म्हणजे बोलणंच संपलं. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, पाचात ५३ च्या वर. बोली लावायच्या आधी त्या दिवसाचा चांदीचा भाव बघून एवढा गुणाकार करायचा. लॉट जर नुसत्या धातूच्या किमतीपेक्षा खूप स्वस्तात सुटतोय तर तो तुमच्यासाठीच का सुटतोय? विकणाऱ्याला घराजवळ सोनार नाही का?

दुसरं, १८६२ दुर्मिळ वगैरे काही नाही. टांकसाळीत ते साल पुढे १८७४ पर्यंत तसंच ठोकत राहिले, त्यामुळे १८६२ चे रुपये भरपूर आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, खरे खोटे दोन्ही दिसतील. त्यातले काही प्रकार, ठिपक्यांच्या फरकाचे, संग्राहक शोधतात, पण "अतिशय दुर्मिळ" लिहिणाऱ्याला ते ठिपके माहीत नसतात.

नाण्यावर राणीच्या चेहऱ्याभोवती काय लिहिलंय ते वाचून सांगा. आणि कडेला बारीक रेघा आहेत का, का साच्यात ओतल्याची मधोमध एक शिवण आल्यासारखी लाइन आहे?

सातारी_झटका:
राग मानू नका पण वहिनी बरोबर बोलतायत. दुकानात दहा रुपयाची मेथी घेताना आपण जुडी सोडून बघतो, आणि इथे साडेचार हजार टाकताना "अजून वाचा" वर बोट ठेवायला वेळ नाही? आमचे आजोबा बैल घेताना दात बघायचे, रुपया घेताना दगडावर वाजवायचे. "खणखणीत" हा शब्द काय उगाच आलाय का. ऑनलाइन वाजवता येत नाही हे माहीत असताना बोली लावली म्हणजे रिस्क तुम्ही घेतली. लिलाव आहे तो, एमआरपीचं दुकान नाही.

वकीलीण_ताई:
@सातारी_झटका दादा, वाजवता येत नाही म्हणूनच तर कायदा उलटं म्हणतो. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम १६, "खरेदीदारा सावध" हे तत्त्व त्यातच आहे, मान्य. पण त्याच्या शेजारचं कलम १५ कोणी वाचत नाही. वर्णनावरून विक्री झाली असेल तर वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे. आणि माल तपासून घेतला असता तर दिसला असता असा दोष नंतर काढता येत नाही हे खरं, पण ते तपासलं असेल तर. इथे तपासायला नाणं हातात कुठे होतं? फोटो आणि टायटल हेच वर्णन.

आता विकणारा म्हणणार "शोपीस" पण वर्णनातच आहे. माझ्या मते टायटलमध्ये "१८६२ ओल्ड सिल्वर कॉईन", फोटो दुसऱ्याच नाण्यांचा, आणि खरी गोष्ट तळाला दडवलेली, हे सगळं मिळून एक चित्र होतं आणि ते चित्र खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं पण येतं. शिवाय २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात जाहिरातीप्रमाणे नसलेला किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, "नो रिटर्न" लिहिलं तरी.

पण एक गोची आहे. हे नियम धंदा म्हणून विकणाऱ्याला लागू. कोणी खरोखर आजोबांची ट्रंक एकदा रिकामी करत असेल तर तो त्यात बसत नाही. त्यामुळे त्या माणसाची बाकीची लिस्टिंग बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, आज, आत्ता, तो काढून टाकायच्या आत.

पायऱ्या: आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथेच लावता येते केस, ५ लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन पण होते. वकील लागत नाही (हे मीच सांगतेय बघा).

त्या शंभर शंभरवाल्याचं म्हणाल तर, विकणाऱ्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी खोटी बोली लावून भाव चढवला असेल तर कलम ६४ प्रमाणे खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. सिद्ध करणं मात्र अवघड आहे, फार आशा ठेवू नका.

कोथरूडी_कट्टा:
ताई खूप आभार. बघितलं. त्या माणसाच्या आजोबांच्या ट्रंकेत आत्ता २१४ लॉट आहेत!! शिवकालीन होन आहे, मुघल मोहर आहे, रामदरबाराचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं आहे आणि एक टायटॅनिकचं घड्याळ आहे. आजोबा फिरले बरेच.

@जुनाबाजार_रविवार काका, कडेला लाइन आहे, तुम्ही म्हणता तशी. आणि अक्षरं वाचली, चार नाण्यांवर "व्हिक्टोरिया क्वीन", एकावर "व्हिक्टोरिया एम्प्रेस". साल पाचहीवर १८६२.

जुनाबाजार_रविवार:
हाहाहा. झालं मग. राणी व्हिक्टोरिया एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञी, झाली १८७७ मध्ये. त्याच्या आधीच्या सगळ्या नाण्यांवर क्वीन, १८७७ पासून पुढे एम्प्रेस. १८६२ सालच्या नाण्यावर एम्प्रेस म्हणजे लग्नाआधीच्या फोटोत नातवंडं. ते एक नाणं तक्रारीला पहिलं जोडा, त्याला टंच पण लागत नाही, कोणालाही वाचता येतं. लिस्टिंगच्या फोटोत ते नाणं दिसत होतं का? दिसत असेल तर हे तुम्हाला बोली लावायच्या आधीच कळलं असतं, हे मात्र मी सातारकरांच्या बाजूने म्हणतो.

आणि बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी. कंपनीने राम-सीता, हनुमान असलेली नाणी कधीच काढली नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी गोंडस सालं असलेली ती सगळी नंतरची बनावट टोकन आहेत, देव्हाऱ्यात ठेवा, पाया पडा, पण नाणं म्हणून हजारो देऊ नका. १९४७ चा "चांदीचा" वाघछाप रुपया निकेलचा आहे, चांदी त्याच्या आधीच गेली होती. आणि शिवरायांचा सोन्याचा होन कोणी ९९९ ला विकत असेल तर काय बोलणार. खरे होन जगात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. शिवराई वेगळी, ती तांब्याची, "श्री राजा शिव" आणि मागे "छत्रपति", ती खरी पण परवडणाऱ्या भावात मिळते, त्यामुळे तिच्यातही नकली आहेतच.

पितळी_दुकान:
मी विकणाऱ्यांपैकी आहे त्यामुळे शिव्या पडतील, पडू देत. जुन्या वस्तू आणि नकला दोन्ही विकतो. नकला विकणं यात गुन्हा नाही, नाटकवाले घेतात, शाळावाले घेतात, वाढदिवसाला द्यायला घेतात. मी टायटलमध्ये पहिला शब्द "नक्कल" लिहितो. त्यामुळे माझ्या लॉटला चार जण येतात आणि बाजूच्या "दुर्मिळ ओरिजिनल"ला चाळीस. हे पण जरा बघा. जो स्वस्तात घबाड शोधत येतो त्याला खरं लिहिलेलं नकोच असतं, त्याच्या मनात असतं की या येड्याला आपल्याकडे काय आहे ते माहीत नाही, आपण उचलू. ट्रंकेची गोष्ट त्यासाठीच लिहितात. विकणारा अडाणी आहे असं तुम्हाला वाटलं पाहिजे. कट्टा दादा, तुम्हाला वाटलं होतं ना थोडं?

आणि नो रिटर्न का लिहितात त्याचं दुसरं कारण सांगतो. मी एकदा खरे दोन रुपये पाठवले, परत आले तेव्हा खोटे होते. घेणाऱ्याने बदलले. तेव्हापासून पॅक करताना काट्यावर वजन दाखवून व्हिडिओ काढतो, तुम्ही पण पार्सल फोडताना काढत जा, सील दिसलं पाहिजे आणि मधे कट नको.

सातारी_झटका:
पितळी भाऊ मनातलं बोललात. ताई, कायद्याचं मान्य, त्याने पैसे परत द्यायलाच पाहिजेत, तो चोरच आहे. पण चोर आहे म्हणून आपण दार उघडं टाकायचं नसतं एवढंच माझं म्हणणं.

आणि तो मित्र बदला.

वकीलीण_ताई:
मित्राबद्दल तेच लिहायला आले होते. आत्तापर्यंत तुम्ही फसवलेले ग्राहक आहात. खोटी आहेत हे कळल्यावर त्याच मजकुराने विकलीत तर उद्या तुमच्या लिस्टिंगचे स्क्रीनशॉट मी दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगेन. शिवाय पुन्हा विकायलाच घेतली होती असं विकणाऱ्याने दाखवलं तर ग्राहक आयोगात तुम्ही ग्राहकच उरत नाही, विक्रीसाठी घेणारा त्या व्याख्येत येत नाही. "नक्कल, पांढरा धातू, ९ ग्रॅम" असं लिहून विका, पन्नास शंभर येतील. पण तक्रार संपेपर्यंत विकूच नका, तो पुरावा आहे.

कोथरूडी_कट्टा:
वाटलं होतं पितळी भाऊ. टायटल वाचून पहिला विचार तोच आला होता की याला भाव माहीत नाही. बायकोला हे सांगितलेलं नाही.

अपडेट देतो. तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, एम्प्रेसचा फोटो, काट्यावरचा फोटो, २१४ लॉटचे स्क्रीनशॉट सगळं जोडलं. दुसऱ्या दिवशी पोच आली. तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याचा फोन, आवाज एकदम मऊ, सर अर्धे पैसे देतो, तुमची एक स्टारची कमेंट काढा. नाही म्हटलं. पूर्ण पैसे द्या, तुमच्या खर्चाने पार्सल न्या, आणि कमेंट राहील. अजून पैसे आलेले नाहीत, बघू. ते लिस्टिंग मात्र गायब झालंय. होन अजून तिथेच आहे, ३१ बोल्या लागल्यात.

आईला शेवटी सांगावंच लागलं. तिने स्वतःचा रुपया दिला, तो वजन केला, ११.५ भरला. मग काकांना फोन लावला. चारातला एक द्यायला तयार झाले, पण फक्त लक्ष्मीपूजनापुरता, भाऊबीजेला परत आणून द्यायचा.

नवा_गडी_०७:
नमस्कार सर्वांना मी ग्रुपवर नवीन आहे माझ्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं आहे २०१२ चं, यूट्यूबवर १० लाख सांगतायत, एका माणसाने फोन केला तो घ्यायला तयार आहे फक्त आधी रजिस्ट्रेशनचे २२०० भरायला सांगतोय रिझर्व्ह बँकेचं लेटर पण पाठवलंय त्याने, तर भरू का?

जुनाबाजार_रविवार:
अजिबात भरू नका. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कसली फी पण घेत नाही, २०२१ मध्ये त्यांनीच तसं जाहीर केलंय, ते लेटर खोटं आहे. नंबर ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा.

नवा_गडी_०७:
नाही अजून भरले नाहीत. मग नाणं कितीला जाईल?

सातारी_झटका:
पाच रुपयाला. कोपऱ्यावरचा वाणी घेईल, रजिस्ट्रेशन लागत नाही.