रत्नागिरीत जागेवर बसून स्केचिंग शिकायचंय, सुरुवात कशी करू?

मांडवीची_मुलगी
नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या, तेव्हापासून फोटो बघून काढत आलेय आणि ते बरं जमतं, पण आता आपल्याच गावातल्या जुन्या जागा समोर बसून काढायच्यात. थिबा पॅलेससमोर बसलं की इतक्या खिडक्या, इतकी उतरती छपरं, डावीकडून काढत गेलं की उजवी बाजू कागदात मावतच नाही. वर माणसं मागे येऊन उभी राहतात. कोणी नियमित करतं का? सामान काय न्यायचं?

चिरेखाण
ताई, एका टोकापासून सुरू करूच नका. आधी अख्ख्या इमारतीचा बाहेरचा आकार कागदावर हलका बसवायचा. हात सरळ ताणून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, उंची अंगठ्याने मापायची आणि ती रुंदीत किती वेळा बसते ते बघायचं, कोपर मात्र वाकवायचं नाही, नाहीतर प्रत्येक माप वेगळं येतं. मग छपराच्या रेघा. डोळ्याच्या पातळीच्या वरची रेघ लांब जाताना खाली उतरते, जोत्याची वर चढते, एवढं सांभाळलं तर इमारत उभी राहते. खिडक्या सगळ्या काढायच्या नाहीत हो, एकदोन नीट आणि बाकीच्या नुसते गडद ठिपके. मी वरच्या अर्धगोल खिडक्यांना जास्त वेळ देतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून १८८६ ला इथे आणलं, वाडा झाला १९१० मध्ये आणि १९१६ ला तो गेला, म्हणजे इतकी वर्षं बंदिवासात काढून या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला, हे डोक्यात असलं की त्या खिडक्या उरकून टाकाव्याशा वाटत नाहीत.

खाडीपलीकडे
मापाचं पटलं, पण पेन्सिल-रबर घरी ठेव असं मी सांगेन. खोडायची सोय असली की बघणं कमी होतं. सरळ वॉटरप्रूफ शाईचं पेन घे. आणि पॅलेस नंतर. आधी रत्नदुर्गावर जा, भगवतीच्या देवळाचा नुसता कळस काढ, नाहीतर तटाचा एक तुकडा आणि त्याच्यामागे समुद्र. मांडवीला बसलीस तर भरती-ओहोटीचं बघून जा, भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे उद्या त्याच वेळेला गेलीस तरी पाणी तिथे नसतं आणि काल तरंगणारी होडी आज चिखलात कललेली असते. होड्या आधी काढ, जेटी कुठे जात नाही.

चिरेखाण
होडीचं बरोबर. पेनचं नवख्या माणसाला नाही पटत, पण असो. रंगाचं सांगतो, आपला जांभा दगड विटेसारखा एकसारखा लाल नसतो. त्यात लोखंड असतं म्हणून तो तांबूस, आणि पावसाने नि शेवाळाने काळवंडतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पातळ करून आधी सगळीकडे, ते ओलं असतानाच सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन निळा सोडायचा, दोन्ही आपापसात मिसळू द्यायचे. प्रत्येक चिरा आखत बसाल तर भिंत फरशीसारखी दिसते, चारदोन सांधे पुरतात. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. आणि आपल्याकडे दमट हवेत रंग लवकर सुकत नाही, म्हणून दोन वह्या न्या, एक सुकेपर्यंत दुसरीत काढा.

मांडवीची_मुलगी
खूप आभार दोघांचे. आणि माणसांचं काय करू, कोणी मागे उभं राहिलं की हातच चालत नाही.

खाडीपलीकडे
भिंतीला पाठ लावून बस, मागे कोणी येऊच शकत नाही. पोरं येतातच, त्यांना एक कागद नि पेन दे, तीही बसतात काढत. मिरकरवाड्याला मात्र मासळीच्या लिलावाच्या वेळेला मध्ये बसू नकोस, लोकांची कामाची घाई असते, कडेला उभं राहून छोट्या वहीत काढ. या रविवारी सकाळी मी भगवती बंदराच्या बाजूला आहे, ये.