अनुभव धागा : दोरीच्या अलीकडचे रेल्वेप्रेमी

रेल्वेचा कुठलाही कार्यक्रम घ्या. नव्या मार्गाचं उद्घाटन, जुन्या इंजिनाची शेवटची फेरी, शेडचा नाहीतर संग्रहालयाचा खुला दिवस. पाहुण्यांसाठी व्यासपीठ असतं, मुलांसाठी छोटी गाडी असते. आपल्यासाठी दोरी असते.

मागच्या महिन्यात अशाच एका खुल्या दिवसाला गेलो होतो. इलेक्ट्रिक इंजिनाखालची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, काढून बाजूला ठेवली होती आणि प्रत्येक चाकावर खडूनं व्यासाचा आकडा लिहिलेला होता. हे आकडे चाक लेथवर कातायला घेण्याआधीचे की नंतरचे, एवढंच मी विचारलं. तिथल्या माणसानं माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "प्रेसचे का तुम्ही?" नाही. "स्टाफपैकी कुणाचे?" नाही. "मग तुम्हाला कशाला हवंय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच उलगडा होत नव्हता. हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलाय, म्हणून हा धागा.

जगभर आपल्याला दिलेली नावंही पाहा. जर्मनीत 'पुफरक्युसर', म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या, धक्का झेलणाऱ्या बफरचे मुके घेणारा. अमेरिकेत 'फोमर', गाडी पाहून तोंडाला फेस येणारा. ऑस्ट्रेलियात 'गन्झेल'. ब्रिटनमध्ये 'ट्रेनस्पॉटर' हा साधा शब्दसुद्धा हळूहळू हिणवण्याचा झाला. जपानमध्ये निदान कोण काय करतो यावरून नावं पडली: फोटो काढणारे तोरी-तेत्सु, प्रवासासाठी प्रवास करणारे नोरी-तेत्सु, आवाज टिपणारे ओतो-तेत्सु. फलाटावरच्या ढकलाढकलीमुळे तोरी-तेत्सुंचं नावही तिथं खराब झालंय, पण तो भेद मला फार उपयोगाचा वाटतो. कारण आपण सगळे एकाच गोष्टीसाठी येत नाही, आणि आयोजक आपल्याला गर्दी म्हणूनच मोजतात.

'कशाला हवंय' हा प्रश्न बाजूला ठेवून उत्तर देणारा एक माणूस होऊन गेला. लंडनच्या वॉटर्लू इथल्या सदर्न रेल्वेच्या कचेरीत इयन ॲलन हा तरुण कारकून होता. इंजिनांचे क्रमांक आणि नावं विचारणारी पत्रं सारखी येत. याची एक पुस्तिकाच काढू या, असं त्यानं सुचवलं. वरिष्ठांना ते पटलं नाही, तेव्हा १९४२ मध्ये, ऐन युद्धात, त्यानं ती स्वतः काढली आणि ती हातोहात खपली. एका पिढीचा छंद त्या पुस्तिकांवर पोसला गेला.

तुमचे अनुभव लिहा. वाईट लिहाच, पण कुणी नीट वागवलं असेल तर काय केलं तेही सविस्तर लिहा.

•

आवाज टिपणारा

माझी नजर दहा वर्षांपूर्वी जवळजवळ गेली. आता मी कानांनी गाडी बघतो. दोन सिलिंडरचं वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार देतं, तीन सिलिंडरचं सहा. चढावर हे हुंकार सुटे सुटे ऐकू येतात, वेग धरला की एकमेकांत मिसळतात. रुळावर चाक घसरलं तर एकदम फरफर होते आणि ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडणारी झडप, मिटतो, तेही ऐकू येतं. मला एवढंच हवं असतं, इंजिन सुटतानाचं एक मिनिट.

आणि नेमक्या त्याच मिनिटाला लाउडस्पीकरवर निवेदक सुरू होतो. 'टाळ्या झाल्या पाहिजेत!' मग संगीत. एका समारंभात मी आयोजकांना विनंती केली की गाडी सुटताना फक्त एक मिनिट माइक बंद ठेवा. 'लोकांना शांतता आवडत नाही,' असं उत्तर मिळालं. त्या दिवशीचं माझं रेकॉर्डिंग मी पुन्हा कधीच ऐकलं नाही.

दुसरा अनुभव याच्या अगदी उलटा. एका छोट्या संग्रहालयात ड्रायव्हरनं माझी पांढरी काठी पाहिली. इंजिन उभं, ब्रेक लावलेला. तो खाली उतरला आणि म्हणाला, "हात द्या." माझा हात त्यानं कपलिंग रॉडवर, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यावर ठेवला. वर तेलाचा पातळ थर, खाली गार पोलाद. तिथून चाकाच्या आऱ्यांवर, मग तो दांडा जिथं चाकाला अडकतो त्या क्रँक पिनवर. "आता ऐका," म्हणाला आणि वर चढून सांगून शिट्टी दिली. इतकी वर्षं जे हुंकार मोजत होतो ते कुठून येतात हे मला तेव्हा हाताला कळलं.

•

नवऱ्याला घेऊन जाणारी

थोडक्यात लिहिते. व्हॅक्यूम ब्रेक आणि एअर ब्रेक दोन्ही असलेला डबा होता. प्रश्न मी विचारला, उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून मिळालं. त्याला ब्रेकमधलं काही कळत नाही, तो केवळ माझ्यासोबत येतो. त्यानं तसं सांगितल्यावरही पुढचं वाक्य त्यालाच उद्देशून होतं. असं पाच-सहा ठिकाणी झालंय. टॉर्च, वही, टेप घेऊन आलेली बाई कुणाची तरी सोबतीण नसून स्वतःच रेल्वेप्रेमी आहे, हे समजायला किती वेळ लागावा?

•

दोरी बांधणारा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. वाफेच्या गाड्या चालवणाऱ्या एका हौशी मंडळात स्वयंसेवक. दोरी मीच बांधतो, म्हणून आधी दोरीबद्दल.

इंजिन बराच वेळ उभं राहिलं की सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही. तसंच इंजिन हलवलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून सुटताना ड्रायव्हर सिलिंडरचे कॉक, म्हणजे तोट्या, उघडतो आणि ते पाणी, ती वाफ बाजूला जोरात फेकली जाते. दिसायला ढग मोठा सुंदर असतो. फोटोही सगळ्यांना तोच हवा असतो. पण ती चटके देणारी वाफ आहे. विजेच्या मार्गावर प्रकार वेगळा. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही, जवळ गेलेली सेल्फी काठीही पुरते.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही लोकांना कधी सांगितलंच नव्हतं. 'मागे व्हा' एवढंच ओरडायचो. एका वर्षी दोरीला पाटी लावली, त्यावर कॉकचं चित्र काढलं आणि वाफ कुठून कुठवर येते ते दाखवलं. त्या दिवसापासून दोरी ओलांडणारे जवळजवळ संपले. उलट जाणते रेल्वेप्रेमी बाकीच्यांना मागे घेऊ लागले.

मग आणखी एक केलं. मोठं इंजिन थंड असेल तर वाफ धरायला कित्येक तास लागतात, त्यामुळे आमची माणसं आदल्या रात्रीपासूनच कामाला असतात. फाटक उघडायच्या आधीचे दोन तास आम्ही रेल्वेप्रेमींना देऊन टाकले. पहाटे या, विस्तव कसा लावतात बघा, तेल घालताना प्रश्न विचारा. त्यानंतर गाडी पुढे-मागे दोनदा चालवून दाखवतो. उजेडाच्या बाजूला सगळ्यांनी एकाच रेषेत उभं राहायचं, बुटके आणि बसणारे पुढे, तिपाईवाले मागे, रेषेच्या पुढे कुणी जायचं नाही. पहिल्या वर्षी मला भांडणांची धास्ती होती. एकही झालं नाही. माणसाला आपली पाळी येणार हे पक्कं माहीत असलं की तो ढकलत नाही.

आमच्या मंडळात हे सहज झालं, कारण आम्ही स्वतः असेच दोरीपाशी उभे राहून मोठे झालो. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये हौशी लोकांनी चालवायला घेतली. जगात स्वयंसेवकांनी वाचवलेली ती पहिली रेल्वे. आज जिथं जिथं जुनं इंजिन वाफेवर चालतं, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी फावडं धरणारा माणूस पगारी नसतो, आपल्यातलाच असतो.

•

निवृत्त लोको पायलट

इंजिनाच्या कॅबमधून काय दिसतं ते लिहितो. नोकरीला लागलो तेव्हा रुळाकडेला वही घेऊन उभी असलेली माणसं आम्हाला रिकामटेकडी वाटायची. पुढे एकानं मला सांगितलं की अमुक इंजिन तुम्ही अमुक वर्षी आणलंत, तेव्हा त्याचा हॉर्न बदललेला होता. ते मी स्वतः विसरलो होतो. घरच्यांनाही माझ्या कामाची इतकी माहिती नव्हती. तेव्हापासून मी हात करायला लागलो.

पण एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. रुळाला लागून उभं राहू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचं इंजिन दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्कला गेलं, तेव्हा लोक रुळावर आले म्हणून गाडी थांबवावी लागली आणि मागच्या गाड्या खोळंबल्या. अमेरिकेत 'बिग बॉय ४०१४' हे अवाढव्य वाफेचं इंजिन फिरतं तेव्हा रुळापासून २५ फूट लांब राहायला सांगतात. तुम्ही फोटो काढून घरी जाता. पण कुणी अगदी जवळ उभा दिसला की ब्रेकवरचा ड्रायव्हरचा हात कसा होतो, ते तुम्हाला कॅमेऱ्यातून दिसत नाही. त्या रात्री झोप लागत नाही. आणि अशा एकामुळे पुढच्या वेळी सगळ्यांची जागा जाते.

•

यॉर्कला गेलेला

चांगला अनुभव लिहा म्हणालात म्हणून. जुलै २०१३, यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. 'मॅलार्ड' या वाफेच्या इंजिनानं ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम केला होता, त्याला ७५ वर्षं झाली होती. त्या वर्गाची उरलेली सहाच्या सहा इंजिनं टर्नटेबलभोवती, म्हणजे इंजिन फिरवायच्या गोल चौथऱ्याभोवती, नाकं आत करून उभी केली होती, त्यातली दोन अटलांटिक ओलांडून अमेरिका आणि कॅनडातून आणलेली. ही कल्पनाच रेल्वेप्रेमींच्या मनातली होती. असं सहांचं कोंडाळं बघण्याची आस आमच्यासारख्यांनाच असणार. आणि नवल म्हणजे तिथं इतकी कुटुंबं होती, की आमच्यासाठी केलेलं सगळ्यांना आवडतं हे मला त्या दिवशी पटलं. शेजारच्या आजोबांनी लहानपणी पाहिलेल्या इंजिनाच्या बफरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांना कुणी हटकलं नाही.

•

बारा वर्षांच्या मुलाची आई

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्याला इंजिनं पाठ आहेत. कार्यक्रमात तो लोकांच्या चुका दुरुस्त करतो आणि मग माझ्याकडे 'जरा आवरा याला' अशा नजरा येतात. गोंगाट वाढला की तो कान झाकून खाली बसतो. एका ठिकाणी सकाळचा पहिला तास शिट्ट्या आणि लाउडस्पीकर बंद ठेवतात हे कळलं, म्हणून गेलो.

एका इंजिनापुढे पाटी होती, चाकांची मांडणी ४-६-०, म्हणजे पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे एकही नाही. मुलगा म्हणाला, चूक आहे, ४-६-२ आहे. मी त्याला गप्प करणार होते. तेवढ्यात ओव्हरॉल घातलेले एक वयस्क फिटर आले. त्यांनी त्याला तपासायचंही नाही आणि समजवायचंही नाही असं ठरवल्यासारखं फक्त विचारलं, "कुठं दिसलं तुला?" मग दोघं गुडघ्यांवर बसले. राखेच्या पेटीमागे, सावलीत, चाकांची एक बारकी जोडी होती. फिटरनी टॉर्च धरला, मुलानं बोट लावत मोजलं. चार, सहा, दोन.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. तो धावत आधी पाटीपाशी गेला. शून्यावर पांढरा रंग मारून त्यावर दोन काढलेला होता.