'कोर्ट'ला सुवर्णकमळ, मग 'हैदर'नं काय कमी केलं होतं?

मानेवाडा_मॅटिनी:
62वे राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे 2014 सालचे सिनेमे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या मराठी सिनेमाला. त्याच वर्षी विशाल भारद्वाजचा 'हैदर' होता आणि त्याला पाच पुरस्कार दिले: संगीत, संवाद, 'बिस्मिल'साठी सुखविंदर, त्याच गाण्याचं नृत्य, वेशभूषा. म्हणजे एकेक वस्तू याची सरस अन् अख्खा सिनेमा दुसऱ्याचा सरस? बरं, दिग्दर्शनाचा पुरस्कार तिसऱ्यालाच, श्रीजित मुखर्जींच्या 'चोतुष्कोण'ला. हे गणित मला खरंच समजून घ्यायचं आहे.

'कोर्ट' मी मन लावून पाहिला. कॅमेरा कोपऱ्यात ठेवून दिला अन् लोक बोलून राहिले, बोलून राहिले. इकडे 'हैदर'मधलं लाल चौकातलं शाहिदचं बोलणं आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. मामेभाऊ म्हणतो, तुला सिनेमा कळत नाही. मग समजावून सांगा ना भाऊ. त्या सुवर्णकमळावर 'कोर्ट'चा हक्क होता का?

सदरचा_शेवटचा_शो:
नव्हता. पुरस्कार जाहीर झाले मार्च 2015 मध्ये, 'कोर्ट' टॉकीजला लागला 17 एप्रिलला. तिकीट काढणाऱ्या माणसानं पाहायच्या आधीच तो देशातला सर्वोत्कृष्ट ठरून गेला. ज्युरीनं ज्युरीसाठी निवडलेला सिनेमा आहे हा, आणि मला हे मनापासून खटकतं. सिनेमा टॉकीजमध्ये सिद्ध झाला पाहिजे.

स्टेनो_सिव्हिललाईन्स:
मी कोर्टात स्टेनो आहे. नोकरीची बरीच वर्षं तालुक्यांत गेली, आता नागपुरात आहे. त्यामुळे हा सिनेमा मी माझ्या खुर्चीवरूनच पाहते, आणि त्या खुर्चीवरून सांगते: हक्क होता, शंभर टक्के.

मॅटिनी भाऊ, शाहिराच्या गाण्यामुळे एका कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप असलेला खटला आहे सिनेमात. त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष परत लावून पाहा. ती सांगते, नवरा दारू पिऊन खाली उतरायचा, वास सहन व्हायचा नाही म्हणून. गॅसमुळे एक डोळा गेला होता. उतरायच्या आधी तो खडा टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आलं म्हणजे खाली हवा आहे, उतरायला हरकत नाही. हे ती बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगते, आणि न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टाइप करायला सांगतात. इथं माझा हात थांबला. आमचं रोजचं काम हेच आहे. साक्षीदार पाच मिनिटं बोलतो, कधी रडतो, कधी विषय सोडून गावचं सांगत बसतो. साहेब त्यातलं कामाचं तेवढं काढून सांगतात आणि रेकॉर्डवर त्या चार ओळी राहतात. पुढे अपिलात वरचं कोर्ट वाचतं त्या चार ओळीच. बाईचा आवाज कुठंच नसतो. बाई बोलते ते आणि कागदावर उतरतं ते, दोन्ही एकाच चौकटीत शेजारी ठेवणारा दुसरा सिनेमा मला तरी माहीत नाही. कॅमेरा लांब ठेवला म्हणूनच ते दिसतं. तिच्या चेहऱ्यावर नेला असता तर आपण रडलो असतो आणि टाइप करणारा माणूस चौकटीबाहेर गेला असता.

ती भूमिका करणाऱ्या बाई प्रत्यक्षातही अशाच कामगाराच्या विधवा आहेत. वकील त्यांना गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो, तर त्या पैशाला नाही म्हणतात आणि काही काम असेल तर सांगा म्हणतात. लिहिताना आत्ताही गलबलून येतं.

'हैदर'चं म्हणाल तर त्याची गाणी, कपडे, संवाद वेगवेगळे काढून दाखवता येतात, म्हणून ते वेगवेगळे पुरस्कार त्याला शोभतात. 'कोर्ट'मधून तसं काही वेगळं काढता येत नाही. द्यायचा तर अख्ख्या सिनेमालाच द्यावा लागतो.

माझी तक्रार दुसरी आहे. अभिनयाचा एकही पुरस्कार 'कोर्ट'ला नाही. तो आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक, आयुष्य चळवळीत काढलेला माणूस. एप्रिल 2021 मध्ये कोविडनं गेले. त्यांच्या कामाची नोंद त्या यादीत असायला हवी होती. आणि सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी! कलमांवर कलमं एका सुरात वाचत जातात, मग लोकलमध्ये शेजारणीशी नवऱ्याच्या मधुमेहाचं बोलतात. वाईट बाई नाही ती. म्हणूनच भीती वाटते.

धंतोलीचे_काका:
शेवटचा शो, लोकांनी आधी पाहायला हवा हे पटतं, पण पुरस्काराचा नियम वेगळा आहे. त्या सालात सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं, प्रदर्शनाची अट नाही.

हा वाद पहिल्या वर्षापासूनचा आहे. 1953 सालच्या सिनेमांमध्ये राष्ट्रपती सुवर्णपदक, म्हणजे आजचं सुवर्णकमळ, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं आणि बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' गुणवत्ता प्रमाणपत्रावर राहिला. तिकडे पहिल्याच फिल्मफेअरमध्ये 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट. मी मराठी माणूस, अत्र्यांवर जीव आहे, तरी माझं मत बिमलदांना. त्यानंतर मराठीला तो मान परत मिळायला 'श्वास' यावा लागला, मधे 50 वर्षं गेली. मग 'देऊळ', तोही 'ब्यारी'सोबत विभागून, मग 'कोर्ट', मग 'कासव'.

आणि प्राणसाहेबांना विसरू नका. 1973च्या फिल्मफेअरमध्ये 'बेईमान'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार होता. संगीताचाही 'बेईमान'लाच गेला, 'पाकिजा'च्या गुलाम मोहम्मदना डावलून, आणि ते तर आधीच वारले होते. प्राणसाहेबांनी स्वतःचा पुरस्कार नाकारला. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायासाठी आपली फिल्मफेअरची बाहुली सोडणारा माणूस! आम्ही कॉलेजच्या पोरांनी तेव्हा किती दिवस तेच बोललो असू.

मानेवाडा_मॅटिनी:
स्टेनो ताई, खडा अन् झुरळाचं मी ऐकलं होतं, पण टाइप करणाऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. तो सीन आज परत लावतो. 'हैदर' मात्र मी सोडणार नाही, दिग्दर्शन तरी त्याला द्यायला पाहिजे होतं.

आणि आपल्या 'झुंड'चं काय? झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांची गोष्ट, इथलीच पोरं, इथलीच भाषा. त्यात काम केलेल्या अंकुश गेडामला फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले. राष्ट्रीयमध्ये 2022चा हिंदी चित्रपट म्हणून निवडला 'गुलमोहर'.

स्टेनो_सिव्हिललाईन्स:
'गुलमोहर' पाहिला का तुम्ही? आणि 'चोतुष्कोण'? मी 'चोतुष्कोण' पाहिला आहे. चार दिग्दर्शक, चार गोष्टी आणि शेवटी सगळं एकत्र बांधणं, हे काम सोपं नाही. पुरस्कार वाया गेला असं मी म्हणणार नाही. दोन्ही पाहा, मग 'झुंड'साठी वेगळा धागा काढा. मी त्यात नक्की लिहीन, कारण अंकुश त्या एका पुरस्कारापेक्षा मोठ्या मानाचा धनी आहे असं माझं ठाम मत आहे.