मदत हवी आहे : पहिल्या गेम जॅमसाठी खेळाचा आवाका किती ठेवावा?

नमस्कार. आम्ही दोघी मैत्रिणी ‘लुडम डेअर’ या ऑनलाइन गेम जॅममध्ये (म्हणजे ठरावीक तासांत व्हिडिओ गेम तयार करण्याच्या उपक्रमात) प्रथमच भाग घेणार आहोत. त्यातील 48 तासांचा ‘कॉम्पो’ विभाग एकट्यानेच करायचा असल्याने आणि चित्रे-ध्वनीही त्याच वेळात स्वतः तयार करावे लागत असल्याने, संघाला मुभा असलेला 72 तासांचा ‘जॅम’ विभाग आम्ही निवडला आहे. गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा द्विमितीय खेळ आम्हाला जमतो (चित्रकला मात्र यथातथाच). विषय ऐनवेळी जाहीर होतो, तर आधी कोणती तयारी करून ठेवावी? एकाच पडद्यावरचा, एकाच क्रियेवर चालणारा खेळ पुरे, असे माझे मत आहे; मैत्रिणीला तीन पातळ्या हव्या आहेत. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती पहिल्याच दिवशी काढून तपासावी का, आणि ध्वनीसाठी किती वेळ राखून ठेवावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.